हाताचा क्लच

बाबांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला त्याला दोन महिने झाले होते. साखरेमुळे तळव्याची जखम चिघळत गेली आणि शेवटी डॉक्टरांपुढे दुसरा मार्ग राहिला नाही. त्याच दिवसांत मी ठरवलं, अंगणात उभी असलेली आमची जुनी पिकअप दुरुस्त करायची, आणि अशी करायची की बाबा ती एका पायानं चालवू शकतील.

ती गाडी मी दुसरीत असताना घेतलेली. आमच्या हिवरखेडच्या मळ्यातली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर तिच्या हौद्यात भरून बाबा रोज पहाटे अकोल्याच्या बाजारात जायचे. मलाही त्यांनी त्याच गाडीवर चालवायला शिकवलं. गावातली दुसरी कुठली मुलगी तेव्हा स्टिअरिंगला हात लावत नव्हती. बाबा खाटेवर पडून छताकडे बघतात हे मला सहन होत नव्हतं. माझी खात्री होती, ते गाडीत बसले की पुन्हा पहिल्यासारखे होतील.

मी अमरावतीला राजापेठेतल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. तेव्हा दर रविवारी एसटीनं घरी जायची. एका रविवारी मी बाबांना म्हटलं, "गाडी अकोल्याले नेऊन राहिली मी. नीट करून आनतो."

"ने," ते म्हणाले. "नाईतरी आता कोन चालवते तिले."

पुढचं मी सांगितलं नाही. मला त्यांना चकित करायचं होतं.

अकोल्यात एक मिस्त्री होता. अपंगांच्या स्कूटरना मागे जोडचाकं बसवून द्यायचा. माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "होते ना, ताई. गिअरच्या दांड्यालेच क्लचची मूठ लावून देतो. दाबली का क्लच दबला, सोडली का गाडी चालली. पन ज्याईले चालवाची हाय त्याईले एकडाव घेऊन या. हाताचं माप पायजे. पंज्यात जोर किती हाय, थे बी पाहा लागते."

"त्यांना प्रवास झेपत नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं. "माझ्या हातावरून माप घ्या. आमचे हात सारखेच आहेत."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्या हाताचं माप घेतलं.

त्यानंतर माझे रविवार त्या वर्कशॉपात जाऊ लागले. केबिनचा खालचा पत्रा इतका सडला होता की पायाखालची जमीन दिसायची. तो कापून नवा बसवला. हौद्याचा गंज मी स्वतः घासला. नखांत शिरलेली काळी घाण मंगळवारपर्यंत निघायची नाही, फळ्यावर लिहिताना मुलं माझ्या बोटांकडे बघायची. जुन्यासारखाच निळा रंग शोधायला मी तीन दुकानं फिरले. खरं सांगायचं तर मी त्या दिवसांत आनंदात होते. आईचा फोन आला की मी म्हणायची, "काम आहे गं, या रविवारी नाही जमत." असे चार महिने गेले.

शेवटी मिस्त्रीनं विचारलं, "खालचं पेडल काढून टाकू काय? आता त्याचं काय काम?"

"राहू द्या. मलाही चालवायची असते."

गाडी मी दुपारी घरी आणली. आई बाहेर आली, बोनेटला कुंकू लावलं, आणि आत जाऊन बाबांना घेऊन आली. कुबड्यांवर ते उंबऱ्यात थांबले. खूप वाळले होते. मी त्यांना गाडीपाशी आणून मूठ दाखवली, कशी दाबायची ते सांगितलं. ते मुठीकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, भरून आलं असेल.

"बसा तं खरं," मी म्हटलं.

आई हळूच म्हणाली, "बाई, त्याईले सदऱ्याचे बटन लावता येत नाईत आता. बोटं बधिर झाले."

मला हे माहीत नव्हतं. चार महिने मी त्यांचा हात हातात घेतला नव्हता. तरी मी म्हटलं, "बसून तं पाहू दे."

बाबा बसले. मी शेजारी. मूठ त्यांनी दोनदा दाबून पाहिली, तिसऱ्यांदा गिअर पडला आणि गाडी अंगणातून पांदणीच्या कच्च्या वाटेकडे निघाली. शंभरेक पावलं ती छान चालली. बाबांच्या चेहऱ्याकडे बघून मी हसले सुद्धा. मग समोरून शेजारची म्हैस आडवी आली.

एवढ्या वर्षांची सवय. त्यांनी हाताची मूठ दाबलीच नाही. नसलेला पाय त्यांनी क्लचवर मारला, ब्रेकही दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली, ते सीटवरून पुढं घसरले आणि कापलेल्या पायाचं टोक थेट त्या लोखंडी पेडलवर आदळलं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "गेलं." पायजमा लाल होत होता.

मीच त्यांना बाजूला सरकवलं आणि त्याच गाडीतून अकोल्याला नेलं. जखम भरली नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पाय मांडीपासून काढला.

दवाखान्यात त्यांच्या खाटेशी बसून मी म्हटलं, "बाबा, मले वाटलं तुमाले बरं वाटन."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "मले इचाराचं होतं ना, पोरी. मले कुठी गाडी चालवाची होती? गाडी गेली ते आलीच नाई, मी तं इकली समजून बसलो होतो. बरं झालं म्हटलं, सुटलो." पुढं म्हणाले, "रविवार आला का मी दाढी करून बसत जाओ. मायले म्हनो, पोरगी येते आता. एसटी जाये, तू नसो."

त्यात राग नव्हता.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. क्लासमधून शनिवारीच निघायची. पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. मी पेपर वाचून दाखवायची, मळ्यात काय लावलं ते सांगायची. ते "हो" म्हणायचे, कधी तेवढंही नाही. ते माझी वाट बघत होते ते दिवस मी पत्रा घासण्यात घालवले होते, आणि मी आले तेव्हा त्यांचं वाट बघणं संपलं होतं. वर्ष पूर्ण व्हायच्या आत ते गेले.

आईनं एकच गोष्ट मागितली. "थे गाडी माया डोयापुढून ने."

पातूरच्या एका फुलवाल्यानं ती घेतली. त्यानं हौद्यावर हात फिरवला, केबिनमध्ये वाकून पाहिलं, म्हणाला, "काम लय मन लावून केलं हो, ताई. कोनासाठी केलं होतं?"

मी त्याला कागद दिले आणि घरात आले. आई चुलीपुढं बसली होती. गाडीचा आवाज पांदणीकडे जात गेला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तो ऐकत राहिलो.