कामठ्याची खालची बाजू

माझी बायको कन्नडच्या घाटाखालची. तिचे वडील तिरकामठे करायचे, त्यामुळे लहानपणी ती भावांच्या बरोबरीनं बाण मारायची. पुढे संभाजीनगरातला संसार आणि माझी कारखान्यातली नोकरी, यात ते सगळं मागे पडलं. स्नायूंचा आजार जडून तिला चहाचा कपही जड व्हायला लागला, तेव्हा तिनं हट्ट धरला, "मला एक कामठा करून द्या. पहिल्यासारखी कानापर्यंत दोरी ओढायचीय. एकदाच."

तिच्या माहेरून धामणीचं लाकूड आलं. बुंध्याकडे घट्ट, शेंड्याकडे नरम. मी जन्मभर फिटर. मोजपट्टी घेऊन दोन्ही बाजू अगदी सारख्या जाडीच्या केल्या. दोरी चढवली तर वरची बाजू वाकली आणि खालची हट्टी म्हशीसारखी जागची हलेना. ती हसून हसून दमली.

"जाडी सारखी करून काय करता? वाक सारखा पायजे. ताठ असंल तिथंच तासून घ्यायचं, नरम जागेला हात लावायचा नाय."

मग ती खुर्चीतून बोट दाखवायची आणि मी फुटक्या काचेनं खरवडायचो. कामठा झाला त्या दिवशी दोरी तिच्या हनुवटीपर्यंत आली. काही दिवसांनी ती छातीपाशीच अडकू लागली. मला डॉक्टरांचा, त्यांनी सांगितलेल्या व्यायामाचा, देवाचा, सगळ्यांचाच राग आला. पण राग काढणार कुणावर?

दुपारी तिचा डोळा लागला की मी गच्चीवर जाऊन कामठा थोडा थोडा खरवडायचो. भुसा तुळशीच्या कुंडीत टाकायचो. तेवढा तो नरम व्हायचा आणि दोरी पुन्हा हनुवटीपर्यंत यायची.

"बघा, व्यायामाचा गुण येतोय," ती म्हणायची.

"मग! मी सांगत होतोच," मी म्हणायचो.

असं पुष्कळदा झालं. एका संध्याकाळी मात्र तिनं दोरी निम्मी ओढून सोडली आणि कामठ्याकडे बघत बसली.

"अहो, या खेपेला वरची बाजू जास्त घेतली तुम्ही. खालची ताठ राहिली. तिथली पण घ्या."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मी तिच्यासमोर ढसाढसा रडलो.

"रडता कशाला? काच आणा," ती म्हणाली.

तिच्यादेखत मी खालची बाजू घेतली. कामठा पार हलका झाला, वाक मात्र दोन्हीकडे सारखा आला. तिनं ओठ चावत दोरी ओढली. हनुवटीच्या पुढे, गालावरून, थेट कानापर्यंत. "आली!" ती ओरडली. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

परवा माळ्यावरून कामठा काढला आणि पुसता पुसता दोरी ओढून बघितली. करंगळीनं ओढली, तरी ती अलगद माझ्या कानापर्यंत आली. त्या संध्याकाळी तिच्या अंगात एवढाच जोर उरला होता.