मांडवाच्या तारेवरची डबी

पुण्याच्या कंपनीनं मॅडमला फसवलं. मॅडमनी कोणालाही फसवलं नाही. आमच्या अणदूरमध्ये आज नेमकं उलटं बोललं जातं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

मॅडम त्या कंपनीच्या इंजिनिअर. मूळच्या लोहाऱ्याच्या, वडील तिथं शिलाईकाम करायचे. थरथरणाऱ्या वस्तूला हात लावल्याशिवाय या बाईंना चैन पडत नसे. एसटीची काच खडखडली की तळवा काचेवर, पिठाच्या गिरणीवरून जाताना हात भिंतीवर. "लई वाया चाललंय, मामा," म्हणायच्या. मला बसल्या जागी पाय हलवायची सवय. माझ्या ठिबकच्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा बराच वेळ माझ्या गुडघ्याकडंच बघत राहिल्या.

"मामा, ह्या पायाला एक कॉइल बांधू द्या. दुकानाचं लाइटबिल वाचंल."

"आन् पाय थांबला तर?"

"गिऱ्हाईक भाव करायला आलं की थांबतोय व्हय तो?"

कंपनी द्राक्षबागेसाठी एक यंत्र विकायची. पानं किती वेळ ओली राहिली ते मोजून ते मोबाइलवर निरोप पाठवायचं : केवडा रोगाचा धोका आहे, फवारणी करा. वर तळहाताएवढं सोलर पॅनेल. त्यावर मोरचुदाच्या फवाऱ्याचा थर बसायचा, आभाळ भरून आलं की बॅटरी मान टाकायची. म्हणजे रोगाच्या दिवसांतच यंत्र मुकं. विकणारा मी, म्हणून शिव्याही मलाच.

मॅडमनी पॅनेल काढूनच टाकलं. वेली चढवलेल्या मांडवाच्या ताणलेल्या तारेला एक डबी अडकवली. आत लवचिक पोलादी पट्टीवर लोहचुंबक, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वाऱ्यानं मांडव थरथरला की चुंबक नाचायचा आणि चिमूटभर वीज तयार व्हायची. ती साठली की यंत्र जागं व्हायचं, एक निरोप धाडायचं आणि परत झोपायचं. "थेंब थेंब गोळा करायचं आन् एकदाच आरडायचं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं दिवसभर आरडायला लई वीज लागती."

डबीच्या पोटाशी एक स्क्रू होता. वेल भरला, घड लागले की तार जड होते, तिची थरथर बदलते. मग स्क्रू जरासा फिरवून आतली पट्टी तारेशी जुळवून घ्यायची. हे मॅडमनी मला नाही, घडांची विरळणी करायला येणाऱ्या बायकांना शिकवलं. "हलगीवाला हलगी शेकतोय कशाला? सूर लागावा म्हणून. तसंच हे." बायका आधी हसल्या. मग विरळणीच्या कात्रीच्या टोकानं स्क्रू फिरवायला लागल्या. त्या हंगामात ढगाळ हवेतही निरोप येत राहिले.

मग कंपनीचे साहेब नमुना बघायला माझ्या दुकानात आले. मी भाव करायला बाह्या सरसावून बसलो होतो. मॅडमनी एकच गोष्ट मागितली. "सर, स्क्रू तेवढा ठेवा. बाकी कायबी बदला." साहेब म्हणाले, "राहील. माझा शब्द." मी समोर होतो. चहा माझाच होता.

माल आला तो स्क्रूचं भोक बुजवून. भोकात चिकट लगदा ओतलेला, वाळून दगड झालेला. मॅडमनी फोन केला, तर उत्तर मिळालं : पाणी शिरू नये म्हणून. पाणी! ज्या वस्तूचा सूर शेतकरी स्वतः लावतो, तिच्या नावानं सर्व्हिसचं बिल निघत नाही. उभा जन्म मी धंद्यात काढलाय, मला हे कोणी शिकवू नये.

वेल भरले, तारा जड झाल्या, डब्या एकामागून एक मुक्या झाल्या. बायकांनी भोक उकरून बघितलं, कात्र्यांची टोकं मोडली. त्यात अवकाळी आला. निरोप आलाच नाही, फवारणी राहिली आणि केवडा घडात उतरला.

खंडोबाच्या देवळाजवळच्या पारावर बागाईतदार जमले. साहेब गाडीतून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "डिझाइन मॅडमचं होतं."

"बाई, तुमच्या डबीनं आमचा बाग खाल्ला," एक म्हातारा म्हणाला.

"डबी माझीच हाय, काका," मॅडम म्हणाल्या. "भोक बुजवलेलं माझं न्हाय."

मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. पण विकणाऱ्याची साक्ष कोण धरतो? साहेब घड्याळ बघत होते.

कंपनीनं त्यांना काढलं. त्या हैदराबादला गेल्या. फाट्यावर गाडीची वाट बघताना म्हणाल्या, "मामा, तुमी भाव करा. भांडण नका करू."

"मला दोन्ही एकच," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. गाडी आली, बॅग मी वर चढवली. आता ईदला फोन येतो. बागांचं त्या विचारत नाहीत, मीही काढत नाही.

पण साहेब, तुम्हाला मी विचारणार. ते भोक बुजवायचा हुकूम कोणाचा होता? फोनवर नको, पुण्यात बसून नको. ज्या पारावर, ज्या लोकांपुढं मॅडमचं नाव घेतलंत, तिथंच उभे राहा आणि त्याच लोकांपुढं त्या माणसाचं नाव घ्या.