तो जाळ विझला की येतो

संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून झाला की माझ्या सासूबाई पदराला हात पुसत माझ्याकडे येत आणि म्हणत, "लाव व त्याचा जाळ." म्हणजे मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावायचा. नवरा राजस्थानच्या वाळवंटात तेलाच्या विहिरींवर कामाला. आमचा कॉल आला की तो बराकीच्या गच्चीवर जायचा आणि फोन उलटा फिरवायचा. मग दूरवर एका उंच नळकांड्याच्या टोकाला भडकलेला जाळ आमच्या आसेगावकडच्या घरात, ओसरीवर दिसू लागायचा. सासूबाई त्याला हात जोडायच्या. जेवला का, झोपला का, हे सगळं त्यानंतर.

तो जाळ कशाचा, हे मला लग्नानंतर कळलं. जमिनीतून तेल येतं तेव्हा त्याच्यासोबत गॅसही येतो. तो गोळा करून कुठे न्यायची सोय नसली की तिथल्या तिथे पेटवून देतात. "रात्रंदिवस?" मी विचारलं. "रात्रंदिवस," नवरा म्हणाला. मी चिडलेच. इथे आम्ही सिलिंडर हलवून हलवून किती उरलाय बघायचा, आणि तिकडे हे लोक आभाळाला शेकत बसलेत. नवरा हसला. त्याला माझं चिडणं आवडतं, म्हणून मी जरा जास्तच चिडते.

पण सासूबाईंचं हात जोडणं वेगळं होतं. पहिल्यांदा नोकरीवर निघाला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं होतं, कायमचा घरी कधी येशील म्हणून. पुढे तिकडून त्यानं पहिल्यांदा जाळ दाखवला आणि थट्टेनं म्हणाला, "आई, हा विझला की येतो." हा कधी विझत नाही, हीच त्यातली गंमत. तो बोलून मोकळा झाला. माझा नवरा असं बोलून विसरतो, शेलूबाजारच्या दुकानात छत्री विसरावी तसा. सासूबाई विसरल्या नाहीत. त्यांच्या लेखी तो शब्द होता.

आणि तिथेच सगळा घोळ होता. आमच्याकडे पेटता दिवा विझणं म्हणजे अशुभ. दिवा विझला म्हणायचंसुद्धा नाही, शांत झाला म्हणायचं. त्यात हा मुलाच्या नोकरीचा जाळ, त्याचं अन्न त्याच्यावर. तो विझावा असं आईनं कसं मनात आणायचं? आणि विझला नाही तर मुलगा घरी कसा येणार? रोज संध्याकाळी त्या हात जोडायच्या तेव्हा मागायच्या काय, जळत राहा की विझ, हे मला कधी कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मले तरी कुठं समजते व? हात जोडतो अन् गप राहतो." विठ्ठलापुढे तरी माणसाला काय हवं ते माहीत असतं.

मला मात्र माहीत होतं. मला तो घरी हवा होता. सुट्टीवर येतो, पाहुण्यासारखा राहतो, आल्या दिवशी पुरणपोळी आणि जायच्या दिवशी रडारड. या दोन्हींच्या मधला साधा, कंटाळवाणा नवरा मला हवा होता. मी मनातल्या मनात त्या जाळावर कितीदा बादली ओतली असेल.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा आमच्या गोबरगॅसवरून आणखी गोंधळ झाला. परसात शेणाची जुनी टाकी आहे, तिच्यावर लोखंडी झाकण तरंगतं. गॅस भरला की झाकण वर चढतं. उन्हाळ्यात आम्ही दुपारचा स्वयंपाक सकाळीच उरकतो, त्यामुळे गॅस उरायचा आणि झाकणाच्या कडेनं बुडबुडे काढत निघून जायचा. नवऱ्यानं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे असं सोडून देऊ नको. हा कच्चा गॅस धुरापेक्षा वाईट. हवा जास्त तापवतो. त्यापेक्षा शेगडी पेटवून जाळलेला बरा."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "म्हंजे तुमचा जाळ बराबर हाय न मंग!"

"सोडण्यापेक्षा बरा. पण नुसता जाळणंही वाईटच."

"आता सोडू नोको म्हनतं, जाळू नोको म्हनतं. मंग करू काय, पिऊ?"

"वापर," तो म्हणाला. "कुणाच्या तरी कामाला लाव."

त्यांना दुसऱ्या दिवशी पटलं. झाकण वर चढलेलं दिसलं की त्या भिंतीवरून शेजारच्या काकूंना हाक मारायच्या. काकू पिठाची परात घेऊन यायच्या, आमच्या शेगडीवर ज्वारीच्या भाकरी भाजून घेऊन जायच्या. बुडबुडे थांबले. काकूंच्या गप्पा मात्र भाकरीपेक्षा जास्त चालायच्या, त्यावर नवऱ्याकडे काही उपाय नव्हता.

सोयाबीन सोंगणीला आलं होतं तेव्हा त्यानं फोनवर बातमी दिली. त्यांच्या तेलाच्या ठिकाणी मोठे कॉम्प्रेसर आले होते. आता गॅस जाळायचा नाही. दाबून पाइपात भरायचा आणि वीज तयार करायच्या कारखान्याला द्यायचा. "आई, जाळ बंद होणार. दसऱ्याच्या आसपास."

सासूबाई फोन माझ्या हातात देऊन गोठ्यात गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या खोलीतले पोते काढून घे व. अन् त्या पलंगाची एक पाटी ढिल्ली हाय." मी आनंदानं वेडी व्हायचीच राहिले होते. पोती काढली, खोली सारवली, कपाटातला अर्धा कप्पा रिकामा केला. माझ्या साड्या दुसऱ्या कप्प्यात मावेनात, तरी कोंबल्या.

नवरात्रात घट बसले. घटापाशी अखंड दिवा. सासूबाई उठता बसता त्यात तेल घालायच्या, वात बदलायची तर आधी दुसरी वात त्याच ज्योतीवर लावून घ्यायच्या, मग जुनी काढायच्या. वारा येऊ नये म्हणून दाराला जुनं लुगडं टांगलं होतं. मी शिंकले तरी माझ्याकडे रागानं पाहायच्या. आणि त्याच तोंडानं मला हळूच विचारायच्या, "तिकडचा विझला का व?" मला आधी हसू आलं. मग आलं नाही. घरातला दिवा जगावा म्हणून आणि बाहेरचा विझावा म्हणून एकच म्हातारी दोन्हीकडे जीव टांगून बसली होती.

एका दुपारी त्या शेतात असताना त्याचा फोन आला. आवाजात खुशी होती. नव्या कॉम्प्रेसरवर माणूस लागतो आणि साहेबांनी त्यालाच निवडलं होतं. शिकवणार, वरची जागा देणार. "मोठी गोष्ट आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं जो गॅस वाया गेला, तो आता मी अडवणार."

अभिनंदन करावं की भांडावं, ते ठरेना. काम चांगलं होतं यात शंका नव्हती. त्याला त्याचा अभिमान होता, तो मलाही वाटला. आणि तेव्हाच मला कपाटातल्या त्या रिकाम्या कप्प्याचा इतका राग आला की तो उघडून मी दाणकन बंद केला.

"आवाज कशाचा?"

"कायचा नाही. आईले कोन सांगनार?"

"तू सांग ना."

"म्या नाही सांगत. शब्द तुमी देल्ला."

"कोणता शब्द?"

मी आठवण करून दिली. मग तो हळूच म्हणाला, "पण तसा पूर्ण विझत नाही तो. एक बारीक ज्योत ठेवतातच. पायलट म्हणतात तिला. अचानक गॅस वाढला तर पेटवून देता यावा म्हणून. ती नसली तर कच्चा गॅस मोकळा सुटेल."

"वकील काहून नाही झाले तुमी?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण त्यात खोटं काही नव्हतं, हा खरा त्रास. जाळ विझणार होता आणि विझणार नव्हताही. मग नवऱ्याची परत यायची वेळ आली असं आम्ही धरायचं की नाही?

दसऱ्याला सासूबाईंनी सगळ्यांना सोनं वाटलं आणि आपट्याची थोडी पानं त्याच्यासाठी देव्हाऱ्यात ठेवली. त्याच दिवशी तिकडे जाळ बंद झाला. संध्याकाळी त्या हात पुसत आल्या. मी कॉल लावला. त्यानं सवयीनं फोन उलटा फिरवला. मावळतीचं आभाळ आणि त्यात काळं नळकांडं, बस्स.

"विझला?"

"विझला म्हणजे, आई... एक बारीक ज्योत आहे. दुरून दिसत नाही."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पदरानं काच पुसली. "मले तं नाही दिसून राह्यली."

"आहे पण."

"अन् गॅस कुठं गेला?"

"पाइपातून. वीज करायला."

"शेजारनीले देल्ला म्हना की." त्या म्हणाल्या, "चांगलं केलं. अन् तू?"

त्यानं सांगितलं. कॉम्प्रेसर, निवड, वरची जागा. सगळं भराभर, एका दमात. त्या मान हलवत राहिल्या, मधे मधे "हो, हो" म्हणत राहिल्या, डॉक्टरनं गोळ्या समजावून सांगितल्यावर म्हणतात तसं. मग "बरं" म्हणून आत गेल्या. देव्हाऱ्यातली पानं त्यांनी काढली नाहीत. मला वाटलं रडतील, पण त्या तांदूळ निवडायला बसल्या. मग मीच मोरीत जाऊन रडले, आणि कशासाठी रडते आहे ते तिथेही धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या पुन्हा आल्या. "लाव व त्याचा..." म्हणाल्या आणि अडखळल्या. काय म्हणायचं ते आठवत नसल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लाव त्याले."

तो गच्चीवरच होता. पायांना सवय झालेली. फोन फिरवायला लागला आणि मधेच थांबला, दाखवायला काही नव्हतं.

"इकडं कर तोंड," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं फोन आपल्याकडे वळवला. उजेड अजून होता. इतकी वर्षं या वेळेला आम्ही जाळ पाहिला, त्याचा चेहरा म्हणजे आवाजामागचा अंधार. सुट्टीवर यायच्या आधी तो केस काळे करून येतो हे मला माहीत होतं, मी सासूबाईंना कधी बोलले नव्हते. त्यांनी फोन जवळ घेतला. खूप वेळ पाहत राहिल्या.

"तुये केस कवा पिकले रे?"

तो कसंनुसं हसला. डोक्यावरून हात फिरवला.

"लवकर ये बाप्पा," त्या म्हणाल्या. "आता कायच्याच विझायची वाट नोको पाहू."

तिकडे गच्चीवर वारा फार होता. तो "हो" म्हणाला की नुसता वारा वाजला, ते मला अजून कळलेलं नाही.