समोरच्या गॅलरीतलं गणित

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कर्फ्यू लागला आणि शाळा बंद पडली. मी मॅट्रिकला होते. आमचे गणिताचे मास्तर परळला आमच्या समोरच्याच चाळीत राहायचे. गल्ली अरुंद होती. ते त्यांच्या गॅलरीतून गणित ओरडून सांगायचे आणि मी आमच्या गॅलरीत बसून ते सोडवायची.

त्या दिवशी भूमिती श्रेढी चालली होती. "पहिलं पद एक. पुढचं प्रत्येक पद आधीच्याचा तिसरा हिस्सा. अशी अनंत पदं. बेरीज सांग."

तेवढ्यात कर्फ्यू दोन तास उठल्याचं कळलं. "दूध घेऊन येतो, तोवर सोडव गं," म्हणून ते जिना उतरले.

मी उत्तर काढून वाट बघत बसले. नाक्यावर गोळीबार झाला. संध्याकाळी त्यांना चादरीत झाकून आणलं.

तेराव्यानंतर मास्तरीणबाईंनी मला विचारलं, "तुझं उत्तर काय आलं होतं?"

"दीड."

"बरोबर आहे?"

त्यांना गणित येत नव्हतं. मी होकारार्थी मान हलवली.

मॅट्रिकच्या पेपरात भूमिती श्रेढीचं गणित आलं. येत असूनही मी ती जागा कोरी ठेवली. उत्तर लिहिलं की समोरून मास्तरांचा आवाज येईल, अशी भीती वाटत होती.