पाणी मागायचा आवाज

"आणखी एकदा," सर म्हणाले.

माझी माय विहिरीच्या ओट्याखाली उभी होती. कमरेवर पाण्याचा रिकामा गुंड. तिनं पुन्हा मान वर केली आणि हाक दिली, "पाणी वाढा वं बाई. गुंडभर पाणी वाढा."

"छान. पण जरा रडवेलं करा. घसा कोरडा पडलाय असं वाटलं पाहिजे."

तिचा घसा कोरडाच होता. वैशाखाचं ऊन, आणि सकाळपासून ती तिथंच उभी. ओट्यावर बाया दोर हातात धरून थांबल्या होत्या. त्यांना हसू येत होतं, पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या. लिंबाखाली खाटेवर सरपंच बसले होते. माईक माझ्या हातात होता, कानाला हेडफोन. मायचा श्वास माझ्या दोन्ही कानांत वाजत होता.

ती पुन्हा ओरडली. पुन्हा. सरांना पटेना.

मग पाण्याचा आवाज हवा होता. ओट्यावरच्या बाईनं बादली शेंदली आणि वरूनच मायच्या गुंडात धार सोडणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला. "गुंडात नको. आत पडलं की आवाज घुमतो. दगडावर ओता."

बाईनं बादली दगडावर ओतली. आवाज स्वच्छ आला. सर खूश झाले. पाणी ओट्यावरून खाली आलं, मायच्या पायांजवळून वाहत गेलं आणि धुळीत मुरलं. माय त्या ओल्याकडे बघत राहिली.

सामान आवरून झालं तेव्हा ती म्हणाली, "बाई, आता तरी वाढा वं."

हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि टेपही बंद होती. लिंबाखालून सरपंच म्हणाले, "आता पान्याचा टाइम सरला. संध्याकाळी ये."

माय रिकामा गुंड घेऊन घरी गेली.

मी तेव्हा वाशीमला शिकत होते. शहरातून एक मंडळी आली होती, खेड्यापाड्यात दाखवायचे छोटे चित्रपट करणारी. त्यांनी चित्रकला बरी असलेली काही पोरं-पोरी निवडली आणि वर्ग सुरू केला; सर त्या वर्गाचे. आमच्या वस्तीतली मी एकटीच. रिठदच्या पुढं कोसभर आडवाटेला आमचं गाव, तिथून एसटीच्या रस्त्यापर्यंत चालत यायची. मला वाटलं होतं, इथं फक्त हात बघतात, आडनाव नाही.

काम मला फार आवडलं. खोटं कशाला बोलू? कागदाची बाई कापायची. हात, पाय, मान वेगवेगळी, आणि सांध्यांना दोरा. ती टेबलावर निजवायची, वर कॅमेरा टांगलेला. बोटानं तिचा पाय केसभर हलवायचा, एक फोटो घ्यायचा. परत केसभर, परत एक. दिवसभर कंबर मोडेस्तोवर हे केलं की पडद्यावर ती दोन पावलं चालते. पहिल्यांदा माझी बाई चालली तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. आवाजाचंही तसंच वेड लागलं. सुपात ज्वारी फिरवली की ओढा वाहतो. वाळला कडबा चुरगाळला की कोणीतरी शेतातून येतंय असं वाटतं.

आमच्या चित्रपटाचा विषय होता, विहीर सगळ्यांची. सरांनी गोष्ट सांगितली. एक बाई ओट्याखाली उभी राहून पाणी मागते. गाव शहाणं होतं. शेवटी ती पायऱ्या चढते आणि स्वतः पाणी शेंदते. बाई मी केली. मायच्याच अंगकाठीची, उंच, हडकुळी.

एक दिवस सरांनी मला विचारलं, "तुमच्या गावात अजून वरून पाणी वाढतात का गं?"

"हो सर."

"वा!" सर म्हणाले. "म्हणजे आवाज खरा मिळेल."

ते "वा" मला टोचलं. पण मला वाटलं, शहरातले शिकलेले लोक ओट्याजवळ आले, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, तर काहीतरी हलेल. तेही आले, त्यांनीही पाहिलं. आणि रडवेलं करा म्हणाले.

त्या विहिरीचंही सांगते. दुष्काळात ती आटली होती. सरकारी कामावर तिचा गाळ काढला, तळ आणखी खोल नेला. तेव्हा तळाशी उतरून दगड कोणी फोडला? आमच्या वस्तीनं. माझी माय टोपलं डोक्यावर घेऊन त्याच पायऱ्यांनी वर-खाली करायची. तेव्हा कोणाला विटाळ झाला नाही. झरा लागला, पाणी चढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही परत ओट्याखाली. आम्ही तर केव्हाच बुद्धाला शरण गेलो होतो. घरातले जुने देव नदीला देऊन आलो होतो. गावानं मात्र आमची जागा सोडली नव्हती.

आवाज घेतला त्या दिवशी घरी मायनं रिकामा गुंड कोपऱ्यात ठेवला. चुलीपुढं बसून राहिली. मग म्हणाली, "माहा आवाज नेला त्याइनं. पानी काई देल्लं नाई."

मी चुलीत काटकी सारली.

"तुह्या सिनेमातली ते बाई मंग काय करते?"

"ओट्यावर चढते माय. सोताच्या हातानं पानी काढते."

"तिले कोन चढू देल्लं?"

"मी चढवतो तिले. बोटानं."

माय माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कागदाची चढते अन् मी खाली. बरं शिकून राह्यली तू."

तिनं एवढंच म्हटलं आणि ती शेजारी पाणी मागायला उठली.

वाशीमला परतल्यावर चित्र आणि आवाज जोडायचं काम सुरू झालं. मायची हाक खोलीभर पुन्हा पुन्हा वाजायची. सर फीत मागं न्यायचे, पुढं आणायचे. शेवटी त्यांनी निवेदन वाचून दाखवलं. "एकेकाळी आपल्या खेड्यांत असे दिवस होते. आता ते दिवस गेले आहेत."

"सर, गेले नाहीत," मी म्हणाले. "तुम्ही पाहून आलात."

"चित्रपटाला आशा लागते. तुला नाही कळायचं ते. चल, शेवटचा भाग घेऊ."

शेवटचा भाग म्हणजे पायऱ्या. टेबलावर कागदाची बाई पहिल्या पायरीपाशी निजवलेली होती. दिवे लागले. मी बोट पुढं केलं आणि मायचे पाय आठवले, धुळीत, त्या ओल्याजवळ. बोट हलेना.

"हलव," सर म्हणाले.

"नाही सर."

"काय नाही?"

"माझी माय खाली उभी आहे. ही चढणार नाही."

सरांचा चेहरा बदलला. आवाज मात्र त्यांनी वाढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तुमच्यातल्या एकीला इथं घेतलं, या टेबलाला हात लावू दिला, याची आठवण ठेव. तू नाही हलवलीस तर दुसरं कोणी हलवेल. पण मग या वर्गात तुला जागा नाही."

म्हणजे इथंही ओटा होताच. मला चढवलं होतं, एवढंच. केव्हाही खाली उतरवता येईल, असं चढवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी बाई उचलली, वहीत ठेवली आणि बाहेर पडले. जे काम मला जिवापाड आवडत होतं ते त्या दारात सुटलं. एसटीत बसल्यावर मी रडले. पण परत फिरले नाही.

त्यांनी दुसरी बाई कापली. दुसऱ्या कोणाच्या बोटानं ती चढली.

काही दिवसांनी चित्रपट आमच्याच गावात आला. दिवस मावळताना शाळेच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं. गाव पुढं बसलं, आम्ही मागं. सर होते, सरपंच होते. कर्ण्यातून मायचा आवाज निघाला, "पाणी वाढा वं बाई." पुढची पोरं खो खो हसली. कोणीतरी तिची नक्कल केली. माय माझ्या शेजारी बसली होती, तिनं पदर पुढं ओढला. भिंतीवर कागदाची बाई पायऱ्या चढली, पाणी शेंदलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या हातांनी पाणी दगडावर ओतलं, ते हातही वाजत होते.

सरपंच उठून म्हणाले, "पाह्यलं ना? आपल्या गावाचं नाव झालं."

मी उभी राहिले. "सरपंच, सकाळी आमी ओट्यावर येतो. सिनेमात चढली तशीच माही माय चढन."

सर आपलं सामान बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही. सरपंच सावकाश माझ्यापर्यंत आले. हसत म्हणाले, "पोरी, सिनेमातली बाई कागदाची रायते. कागदाले आग लवकर लागते. तुमची कडब्याची गंजी बी वाळली दिसून राह्यली."

घरी जाताना वस्तीतलं कोणी आमच्याशी बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं तेवढं विचारलं, "काहून बोलली वं पोरी?"

सकाळी मायनं गुंड घासला. मी दोर खांद्यावर टाकला. विहिरीवरच्या बाया आम्हाला पाहून मागं सरल्या, बादल्या उचलून निघून गेल्या. माय पहिल्या पायरीपाशी थांबली. मला वाटलं, ती फिरते. मग ती चढली. विहिरीवरच्या गडगडीच्या चाकावर मी दोर टाकला. गडगडीचा आवाज मी हेडफोनमधून खूपदा ऐकला होता, पण आता ती माझ्या हातानं कुरकुरत होती. लिंबाखाली माणसं उभी होती. नुसती बघत होती.

दुपारी आमची गंजी जळाली. बैलांचा सगळा चारा गेला. धूर घरात शिरला, आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून बघत होतो. विझवायला गावातून कोणी आलं नाही. सकाळी आणलेलं पाणी आम्ही तिच्यावर ओतलं. ते पुरलं नाही.

राख धुमसत असतानाच माय आत गेली आणि रिकामा गुंड घेऊन बाहेर आली.

"चाल," ती म्हणाली. "पानी आनाले जाऊ."

मी दोर उचलला. वाटेत सरपंचाचं दार उघडं होतं. आम्ही त्याच्यासमोरून गेलो, मान वर करून.

मायचा मागायचा आवाज त्यांच्याकडे आहे, फितीत. वाजवायचा तेवढा वाजवा. दुसरा मिळणार नाही.