कुलूप म्हणजे रिकामी खोली

चाळ पाडून टॉवर उभा करायचा, तर कोणी कधी काय करायचं ते सगळं कॉम्प्युटरवर मांडायचं, हे माझं काम. ऑफिस करी रोडला. दोन पक्षांनी मिळून करायचं काम दाखवणाऱ्या चित्रात, म्हणजे कोलॅबोरेशनमध्ये, दोन मोठ्या चौकटी असतात, एक ऑफिसची, एक रहिवाशांची, आणि मधे निरोपांचे बाण. पण चौकट नुसती पोकळ. तिला एक प्रोसेस, म्हणजे कामांचा ठरलेला क्रम, जोडावी लागते, तेव्हा आत काय घडतं ते ठरतं. यादीतून निवडा, क्लिक करा, झालं. मग साइटवरच्या माणसांच्या मोबाइलवर तशी कामं जातात.

आमची लालबागची चाळही याच ऑफिसकडे आली. आम्हाला खोली सोडायला अजून आठवडा होता. साहेबांनी रहिवाशांच्या चौकटीला वरळीच्या चाळीसाठी आधी केलेली प्रोसेस जोडून टाकली. "चाळी सगळ्या सारख्याच गं!" वरळीतले लोक आधीच भाड्याच्या घरात गेले होते. तिथे दाराला कुलूप म्हणजे खोली रिकामी. लाइट तोडा, वर आपलं कुलूप घाला.

आमच्याकडे कुलपाचं तसं नाही. बाबांचे गुडघे गेलेत, दार उघडायला उठवत नाही. म्हणून कामावर निघताना मी बाहेरून कुलूप लावते आणि किल्ली शेजारच्या काकींकडे देते. त्या अधूनमधून उघडून चहा देतात, पेपर देतात. आमच्या मजल्यावर म्हातारी माणसं अशीच आत असतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. साहेबांना हे कोण सांगणार!

मे महिन्यातली दुपार. काकींचा फोन आला. "अगो, मी बाजारातून येते तर तुझ्या दाराला आणखी एक कुलूप! लाइटपण तोडलीय. बाबांना हाका मारते, ओ देत नाय गो!"

साहेबांच्या टेबलापाशी जाऊन किंचाळले, "माझा बाप आत आहे! तुमच्या वरळीने कोंडलाय त्याला!" ते नुसते "काय? काय?" करत राहिले. मी तशीच पळत सुटले.

साहेबांनी मागून फोन केला असावा, साइटवरचा माणूस किल्ली घेऊन दारापाशी पोचला होता. घामाघूम. मी त्याची कॉलरच धरली. "आत कोणी आहे का, विचारायचं तरी मेल्या!"

"विचारलं मॅडम, दोनदा. ऑफिसचं नाव सांगून विचारलं. कोणी ओ दिली नाय."

दार उघडलं. पंखा बंद, आत भट्टी. बाबा भिंतीला टेकून बसलेले, मान कलंडलेली, सदरा अंगाला चिकटलेला. मला वाटलं, संपलं सगळं. काकींनी तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठे डोळे उघडले.

"बाबा, अहो ती माणसं हाक मारत होती ना! ओ का नाही दिलीत?"

त्यांनी ओठ ओले केले. "तुझ्या हापिसचं नाव घेत होते गो. म्हटलं, तूच पाठवलं असशील, म्हणजे मी आत आहे हे त्यांना ठाऊकच असणार."