पट्टी धुतली त्यांनी

माझ्या हातातली पट्टी त्यानं हिसकावली आणि माझ्याच पाठीवर हाणली.

लेव्हलिंगची पट्टी, जमिनीची उंची मोजायची, आकडे कोरलेली, अॅल्युमिनियमची. पाठीवर बसली तसा श्वास आतच अडकला. मी मंदिराच्या ओट्यावरून खाली पडले. तोंडात माती.

सिव्हिल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावात आमचा सर्व्हे कॅम्प होता, मुक्काम शाळेत. रस्त्याची लेव्हल काढायची तर आधी अशी जागा लागते, जिची उंची पक्की माहीत आहे. त्या गावात ती खूण मंदिराच्या ओट्यावर होती. दगडात कोरलेली, सरकारनंच कोरलेली. तिच्यावर पट्टी उभी धरल्याशिवाय काम सुरूच होत नाही. सरांनी पट्टी माझ्याकडं दिली. मी चपला काढल्या आणि वर चढले.

मारणारा धनंजयचा मामा. धनंजय माझ्याच वर्गातला, माझ्याच गटातला. गाव त्याच्या मामाचं, आमचं जेवणही मामाकडूनच. मामानं आधी हसत विचारलं होतं, "कुण्या गावची बाई तू? आडनाव काय?"

मी सांगितलं. हसू गेलं. तो धनंजयकडं वळला. "ही काय सांगून राहिली रे?"

"व्हय मामा. त्यायच्यातलीच हाय."

मग पट्टी. मी पडल्यावर लाथ, कमरेत. "तुझ्या बापानं कधी पाय ठेवला का इथं?" माझी मैत्रीण शबाना पळत आली आणि माझ्या अंगावर आडवी पडली. पुढची लाथ तिला बसली. वर्गातली पोरं उभी होती. सर उभे होते.

मामानं घागर मागवली. पट्टी धुतली, वरपासून खालपर्यंत. मी उभी होते तो दगड धुतला. ते पाणी ओट्यावरून उतरून माझ्याखाली आलं. धुतलेली पट्टी त्यानं धनंजयच्या हातात दिली. "धर. कर तुझं काम."

धनंजयनं धरली. सरांनी दुर्बिणीला डोळा लावला. आकडा वाचला. एका पोरानं तो लिहून घेतला.

मी अजून खालीच होते.

संध्याकाळी सर म्हणाले, "झालं ते झालं. उद्यापासून तू खोलीत बसून आकडेमोड कर."

"सर, मला मारलं."

"अख्ख्या वर्गाला जेवू घालतात ते. जरा वर्गाचा विचार कर."

मी आणि शबानानं ते जेवण घेतलं नाही. बिस्किटं खाल्ली. मला लाज वाटत होती. मार खाल्ल्याची, पडल्याची, ओल्या कपड्यांची. मारणारा तिकडं जेवत होता, आणि लाज मी सांभाळून बसले होते.

सकाळी तोंड धुताना मैदानातून हसू ऐकू आलं. एक पोरगं माझ्या पडण्याची नक्कल करत होतं. धनंजय पोट धरून हसत होता. खांद्यावर पट्टी.

मी सरळ त्याच्याकडं गेले. पट्टीला हात घातला. "सोड."

"काहून? परत धुवायची का?"

मी ओढली. त्यानं माझी वेणी धरली आणि तोंड कॅम्पच्या जीपच्या बॉनेटवर आपटलं. पुढचा दात तुटला. रक्त घशात गेलं. खाली खुंट्या ठोकायचा हातोडा पडला होता. तो उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड वाजलं. तो बसला. मी परत घातला. तो ओरडत होता आणि मला थांबायचं नव्हतं. शबानानं मागून कवळा घालून ओढलं, तेव्हा हातोडा सुटला.

कालपर्यंत उभे असलेले सर आता धावले. त्याच्याकडं.

पोलीस ठाण्यात जमादार मामा आणि धनंजयविरुद्धची आमची तक्रार लिहूनच घेईना. शबानाला म्हणाला, "तुमचा याच्यात काय संबंध? तुमी मधी काहून पडून राहिल्या?"

"मधी न्हाई साहेब. तिच्या अंगावर पडले होते. लाथ मला बी बसली."

आम्ही दोघी बाकावरून उठलो नाही. शेवटी त्यानं लिहून घेतलं. माझ्यावर उलटी केस झाली. कॉलेजनं मला निलंबित केलं, त्याला नाही. माफी लिहून दे, म्हणाले, सगळं मिटवून टाकू.

माझे बाबा हिंगोलीत गवंड्याच्या हाताखाली काम करतात. "लिहून दे, पोरी. डिग्री हाती येऊ दे, मग भांड."

मी बाबांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले. माफी लिहिली नाही. वर्ष गेलं. कॉलेजविरुद्ध अर्ज करत राहिले, वकील धरला, निलंबन उठवून घेतलं, पुन्हा वर्गात जाऊन बसले. पहिल्या बाकावर. आता शेवटचं वर्ष आहे. दोन्ही केस चालू आहेत. हातोडा मी मारला, हे मी कोर्टात लपवणार नाही.

मागच्या आठवड्यात मामा घरी आला. सोबत दोन माणसं. खुर्चीत बसला, आईनं दिलेल्या पाण्याला हात लावला नाही. "केस मागं घे. पोराचं आयुष्य हाय, बाई."

"माझं बी हाय."

तो उठला. बाबांकडं बघत म्हणाला, "याच जिल्ह्यात राहायचंय तुमाला. ध्यानात ठेवा."

बाबांनी मान खाली घातली. मी पुढं झाले. दार सताड उघडलं.

"व्हय. इथंच राहायचंय. म्हणूनच मागं घेत न्हाई."